डोळं मिटून फेकायची चौकट

माजी जाऊ हरणाबाई माणूस म्हणून वाईट हाय असं मी कवाच म्हणले न्हाई. वाईट असती तर लय बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण ती चांगली हाय. आन् चांगल्या माणसाचा राग करायचा म्हंजे राग करणाऱ्याचंच हाल. कुणाला सांगाय गेलं तर लोक म्हणत्यात, आगं हरणाबाईनं तुजं काय वाकडं केलंय? काय सांगू? काय न्हाई केलं, हेच की वाकडं.

मी माहेरची तासगावकडची. आमच्याकडं द्राक्षाच्या बागा, दाराम्होरनं येष्टी, घरात लाईट. वर मी सातवी पास. आन् मला दिली ती ह्या सड्यावर. सडा म्हंजे डोंगराचा सपाट माथा. खालनं सातारच्या रस्त्यानं येताना मान वर केली की ताट पालथं घातल्यागत दिसतो. वर आमची वाडी, पंधरा-वीस उंबरं, बाकी काळा खडक, वारा आन् म्हशी. लग्न होऊन आले तवा मनात म्हणले, एवडी शिकलेली सून ह्या लोकांनी बघितली असंल का? तर त्या शिक्षणाला कोण इचारतंय. म्हस आडली, हरणाला हाक मारा. पोराला ताप आला, हरणा पाला आणती. सासू गेली तवा शेवटचं पाणी तिनं हरणाच्या हातचं मागितलं, आन् मी तांब्या भरून घिऊन उशाला उबी व्हते. हरणाला अक्षर वाचाय येत न्हाई, अंगठा उठवती. तरी वाडी तिची आन् मी आपली धाकली, रंगू.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या फिराय लागल्या व्हत्या, तशाच आमच्या सड्यावर कराय एक कंपनी आली. तिचं हापीस सांगलीला. तितला सुमंत साहेब म्हणून इंजनेर जीप घिऊन यायचा. चक्क्यांची ती लांबलचक पाती वर न्यायची तर रुंद रस्ता पायजे. एक रस्ता उगवतीकडनं निघत व्हता, एक मावळतीकडनं. तवा कंपनीतल्या कुणाला तरी अक्कल सुचली, की कुटनं गेलो तर सड्याचं कमी वाटूळं व्हईल ते आदी बघावं. म्हणून त्यांनी सातारच्या कालेजातल्या श्रद्धा मॅडमना बोलावलं.

मॅडम साध्या. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. शाळंच्या पडवीत बायकांना बसवून म्हणल्या, "पावसाळ्यात या सड्यावर किती प्रकारची रोपं उगवतात ते आपल्याला मोजायचंय. जिकडं प्रकार कमी, तिकडून रस्ता. जिकडं जास्त, तिकडं कंपनी हात लावणार नाही. माझ्या कॉलेजच्या मुलांच्या परीक्षा आहेत, म्हणून मला इथल्याच दोघीजणी हव्यात."

मी लगीच उबी ऱ्हायले. म्हणले, "मॅडम, मी सातवी पास हाय. लिवाय-वाचाय येतंय. पण हितं मोजायसारखं काय हाय? गवात तर हाय."

तेवड्यात हरणा डोक्यावर शेणाची पाटी घिऊन चालली व्हती, ती थांबली. म्हणली, "गवात कसं गं? सोनकी हाय, तेरडा हाय, गेंद हाय. चवर, आमरी, खरपुडी. कुंडात वायतुरा हाय." पाटी डोक्यावरच, हिशेब न्हाई का बिशेब न्हाई, एका दमात सात नावं. मॅडमचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. "वायतुरा? तुम्ही कुठं पाहिला?" म्हणत त्या पडवीतनं उठून तिच्यामागं गेल्या, शेणाच्या वासात. मी उबी ती उबीच.

तवा आमी दोघी ठरलो. उगवतीची बाजू हरणाला, मावळतीची मला.

मॅडमनं लोहाराकडनं सळईच्या दोन चौकटी करून आणल्या व्हत्या, हातभर लांब, हातभर रुंद. चाळीस पावलं चालायचं, पाठ फिरवायची, डोळं मिटायचं आन् चौकट डोक्यावरनं मागं फेकायची. जितं पडंल तितं बसून आतली येगयेगळी रोपं मोजायची. एका जातीची शंभर असली तरी एकच धरायची. दिवसाला पाच-सहा फेकी, अशा चाळीस-चाळीस फेकी दोघींनी करायच्या.

"डोळं कशापायी मिटायचं?" मी इचारलं.

"उघडे ठेवले की माणूस आपल्याला आवडतं तिथंच फेकतो," मॅडम म्हणल्या. "मग ती मोजणी राहत नाही." आन् जाताजाता म्हणल्या, "शेवटी मी एक मराठी पुस्तिका छापणार आहे. ज्यांची मोजणी, त्यांचं नाव त्यात येईल."

"छापून?"

"छापून."

खोटं कशाला सांगू, त्या एका शब्दानं माजी भूक गेली. माजं नाव छापलेलं मी एकदाच बघितलं व्हतं, लग्नाच्या पत्रिकेत, आन् तितंबी नेमकी शाई फुटलेली. पुस्तकात नाव यील, वाडीतल्या बायांना वाचता यायचं न्हाई ते मीच वाचून दाखवीन, माहेरी एक धाडीन. हरणाचं बी नाव यील म्हणा. पण मॅडमनं आकडं बघितलं की कुणाचं वर आन् कुणाचं खाली ते आपोआप व्हईल, असं मी धरून चालले.

आन् पयल्या दिवशी, शुक्रवारी, झालं काय? चाळीस पावलं चालले, डोळं मिटलं, फेकली, तर चौकट ठाण्णकन वाजली. उगड्या खडकावर. आत दोन रोपं, ती बी मरतुकडी. दुसऱ्यांदा फेकली, तीन. तिसऱ्यांदा, एक. माज्या बाजूला मधोमध काळ्या खडकाचा लांब पट्टाच व्हता, मी त्याच्यावरच चालले व्हते. सांजच्याला हरणा आली. तिला लिवता येत न्हाई म्हणून मॅडमनं तिला चिंचोके दिले व्हते. एका जातीला एक चिंचोका, फेकीगणिक एक पुरचुंडी. ते मोजून वहीत लिवायचं काम माजं. सोडली पयली पुरचुंडी, सहा चिंचोके. दुसरी, सात. तिसरी, पाच.

दुसऱ्याच दिवशी, शनवारी, मॅडम आल्या, वही बघितली. "वा, हरणाबाई," म्हणल्या. मला म्हणल्या, "हरकत नाही रंगूबाई, कमी आलं तरी तेही महत्त्वाचंच असतं." म्हंजे समजूत काडली माजी. शिकलेल्या बाईची समजूत, अंगठाबहाद्दर जावंसमोर. माज्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोमवारपास्नं मी डोळं उगडं ठेवाय लागले.

लय काय करावं लागत न्हाई. पाठ फिरवायच्या आदी बघून ठेवायचं, खोलगट जागा कुटं हाय, पाणी कुटं साठलंय, फुलांची दाटी कुटं हाय. मग पाठ करायची आन् खांद्यावरनं जरा बाजूला बघत हलक्या हातानं टाकायची. काळा खडक आला की चाळीसच्या जागी साठ पावलं चालायचं आन् त्याला वलांडून जायचं. हात बसला की मग काय. बारा, चौदा, सोळा. एकदा सतरा आले तवा मी एकटीच सड्यावर बसून हसले. मोजलं ते मातर नीट मोजलं, एक रोप वाढवून लिवलं न्हाई. आन् हरणाच्या चिंचोक्यांना तर मी हात लावला न्हाई. तिचे पाच असले की पाचच लिवले, सहाचे सहा. तेवडी मी खोटी न्हाई.

हरणाचा आकडा काय वर जाईना. सहा, पाच, चार, सहा. मला वाटलं, तिची बाजूच दरिद्री. लय गोड वाटलं.

शेवटच्या शनवारी मॅडमनं दोन्ही बाजूंची सरासरी काडली. माजी तेरा, तिची पाच. "रंगूबाई, कमाल आहे," त्या म्हणल्या. "तुमची बाजू म्हणजे खजिनाच निघाला." हरणा शेजारीच बसलेली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, कुटं तरी दुखलं असंल म्हणून. तर ती मॅडमना म्हणती, "माजी धाकली जाऊ लय हुशार हाय. सातवी शिकलीया." आता ह्या बाईला करावं तरी काय?

नवरात्रात घट बसायच्या आदल्या दिवशी सुमंत साहेबाची जीप आली. बरोबर मॅडम. चार गडी फक्कीची पोती उतरवून उगवतीच्या बाजूला पांढऱ्या रेघा माराय लागले. सुमंत साहेब खुशीत व्हता. "बघा," म्हणला, "लोक म्हणतात कंपन्या ऐकत नाहीत. मॅडमनी आकडे दिले, आम्ही पूर्वेचा रस्ता धरला. तिकडं नुकसान कमी."

वाडी बघाय गोळा झाली, मी बी गेले. रेघ सरळ चालली व्हती, आन् चालत चालत आसरांच्या कुंडाच्या काठावर आली आन् कुंडाच्या पल्याड परत सुरू झाली.

आसरांचं कुंड म्हंजे खडकातला दोन खोल्यांएवडा डोह. पावसाळ्यात भरतो, फागणात आटतो. पाण्यात सात आसरा, म्हंजे पाण्याच्या देवी, ऱ्हात्यात म्हणत्यात. आमच्या वाडीच्या बाया तितं हिरव्या बांगड्या वाहत्यात. काठावर वायतुऱ्याची दोन-दोन फाट्यांची गुलाबी फुलं पाण्यातनं वर आलेली, त्या म्होरं गेंदाची पांढरी शेतं, आन् काय काय ज्याची नावं मला ठावं न्हाईत. मी गपकन उबी ऱ्हायले. एवडं सगळं हितं हाय आन् हरणाचे चिंचोके पाच?

हरणा कुंडाच्या काठाला बसली व्हती. रडत नव्हती, वरडत नव्हती. पाण्यात हात घालून तळाच्या बांगड्या एक एक काडून पदरात घेत व्हती.

"आक्का, काय करतीस?"

"आसरांना उठवाय नको का? मुरूम टाकणार हाईत म्हणं हितं."

"आगं पण तुज्या फेकी... हितं कितीदा फेकलीस तू चौकट?"

तिनं माज्याकडं असं बघितलं जणू मलाच येड लागलंय. "हितं? आसरांच्या पाण्यात लोखंड टाकत्यात व्हय?"

माज्या ध्यानात आलं. कुंडाच्या, झऱ्याच्या, जितं जितं पाणी साठलंय तितल्या वाऱ्याला बी तिनं चौकट नेली नव्हती. पाण्याजवळ आली की वाट वाकडी करायची आन् कोरड्या खडकावर फेकायची. तिच्या बाजूला जे काय व्हतं ते सगळं पाण्याकाठी, आन् तेवडंच तिनं सोडलेलं.

आता खरं सांगते, मला पयल्यांदा काय वाटलं. वाईट वाटलं न्हाई. आनंद झाला. सापडली एकदाची, हरणाबाई चुकली. मी तरातरा मॅडमकडं गेले.

"मॅडम, आक्काची मोजणी चुकलीया. तिनं पाण्याजवळ चौकट फेकलीच न्हाई."

जिभंला साखर लागल्यागत झालं बोलताना. मॅडम धावत कुंडाशी आल्या, आजवर नुसता ऐकलेला वायतुरा डोळ्यानं बघितला. "हरणाबाई, अहो, इथं का नाही फेकलीत? मला सांगायचं तरी!"

"त्यात सांगायचं काय, मॅडम?" हरणा म्हणली. "भाकरीवर पाय दिऊ नको म्हणून कोण सांगतंय का? तुमाला ठावं असंल असंच मला वाटलं."

मॅडमनं डोक्यावरचा रुमाल काडला, परत बांधला. मग सुमंत साहेबाला म्हणल्या, "पूर्वेचे आकडे धरू नका. हा सगळा भाग मोजणीतून सुटलाय. सड्यावरची सगळ्यात श्रीमंत जागा बहुतेक हीच आहे."

सुमंत साहेब माणूस उर्मट न्हवता. त्यानं नकाशा जीपच्या नाकाडावर पसरला, लय वेळ बघितला. मग म्हणला, "मान्य. म्हणजे पूर्वेलाही जास्त. पश्चिमेला तर तेरा आहेच. दोन्हीकडं सारखंच नुकसान होणार असेल, तर मॅडम, पूर्वेचा रस्ता दीड किलोमीटरनं जवळचा पडतो. मी वरच्यांना काय सांगू? परवा बुलडोझर येतोय."

मॅडमनं वही उगडली. वहीत तेरा व्हते, माज्या अक्षरातले.

मी हळूच मागं सरले. मनात म्हणले, रंगू, तू तुजं काम केलंस. चूक तिची व्हती, ती तू दाखवलीस. तिचं नाव पुस्तकातनं जाईल, तुजं ऱ्हाईल, तेबी एकटीचं. देवानंच दिलं म्हणायचं. रस्ता काय, कुटनं तरी जाणारच.

"रंगू," हरणानं हाक मारली. "जरा तुजा पदर धर गं. माज्यात माईनात."

गेले. न जाऊन सांगते कुणाला? पदर पसरला. ती वल्या बांगड्या माज्या पदरात टाकाय लागली. काही काळ्या पडलेल्या, काही आखंड. एक बांगडी तिनं बोटानं पुसली, हिरवी, बारीक सोनेरी टिकल्या असलेली.

"ही तुजी," म्हणली.

"माजी कुटली? मी कवा वाहिली न्हाई हितं."

"मीच वाहिली. तुला चार वर्सं दीस जाईनात, तू नुसती चिडचिड करायचीस. कासाराकडनं तुज्या मापाची आणली आन् तुज्या नावानं सोडली. त्याच्या फुडल्या वर्सी मयूरी झाली."

मयूरी म्हंजे माजी लेक. तवा नऊ वर्सांची व्हती.

"मला कवा बोलली न्हाईस?"

"त्यात बोलायचं काय?"

बघा. हितंबी म्होरं. माजं पोर पोटात येण्याआदी ही माज्या नावानं पाण्यात हात घालून बसलेली. माज्या डोळ्यात पाणी आलं ते मायेचं का रागाचं, आजवर मला कळलं न्हाई. दोन्ही असंल. एक मातर कळलं, की ही बाई आता उठंल, घरला जाईल, बांगड्या डब्यात घालून ठिवील आन् जन्मात एकदाबी म्हणायची न्हाई की रंगूनं मला मॅडमम्होरं खोटी पाडली. आन् त्या न म्हणण्याखाली मी मरूस्तवर जगायची.

पदर तसाच धरून मी जीपकडं गेले. बांगड्या किणकिणत व्हत्या.

"सायेब, माजे तेरा खोटे हाईत."

मॅडम म्हणल्या, "म्हणजे?"

"मी डोळं मिटलंच न्हाईत. पयला दिवस मिटलं, त्यानंतर न्हाई. फुलं बघून बघून फेकली. तुमी आक्काला वा म्हणला, मला बघवलं न्हाई."

वाडी गोळा झालेली, माजा नवरा बी त्यात.

"रंगूबाई," मॅडम हळू म्हणल्या, "तुम्ही लिहिता-वाचता, म्हणून मी तुमची एक फेकसुद्धा परत मोजून बघितली नाही."

सुमंत साहेब हातातली पेन्सिल नकाशावर आपटत व्हता. "म्हणजे आता दोन्ही मोजण्या गेल्या. मग माझ्याकडं उरलं काय?"

"सायेब," मी म्हणले, "तुमाला जितं काय न्हाई असं पायजे न्हवं? ते मला ठावं हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तेवडंच चुकवत फिरलेय की."

आन् मी चालाय लागले. मागनं साहेब, मॅडम, फक्कीवाले गडी आन् अर्धी वाडी. मावळतीच्या वाटंला लागले आन् तो काळा खडक दावला, ज्याला बघून मी साठ पावलं टाकत व्हते. हितनं सुरू हुतोय, हितं डाव्या अंगाला पाणी साठतंय तिकडं जायचं न्हाई, हितं उजवीकडं आमरी हाय ती सोडायची, मधनं सरळ चला. कुटं दोन रोपं हाईत, कुटं एक. मुरूमबी लय टाकावा लागायचा न्हाई, खाली सगळा दगड. त्या पट्ट्याचा वीत न् वीत मला पाठ व्हता. मोजून पाठ व्हावा तसा न्हवं, खोटं करून पाठ झालेला. लाज वाटत व्हती, पण पाय चुकत नव्हते.

मॅडमनं चौकट घेतली, डोळं मिटलं आन् त्या पट्ट्यावर वीस वेळा सोता फेकली. ठाण्णकन वाजली दर वेळी. एक, दोन, शून्य, दोन, तीन. सुमंत साहेबानं फक्कीच्या पोत्यावर बसून नकाशावर नवी रेघ वढली. म्हणला, "लांब पडेल. पण खडक आहे, भराव वाचेल. वर सांगून बघतो, तोवर बुलडोझर थांबवतो." चार दिवसांनी सांगलीवरनं निरोप आला, रस्ता खडकावरनंच. कुंडाकाठची फक्की पावसाच्या एका सरीनं धुऊन गेली.

नवी रेघ वढली त्या दिवशीच मॅडम कुंडाचीबी मोजणी करू म्हणल्या, आन् परत पेच पडला. लोखंड पाण्यात टाकायचं न्हाई. मी म्हणले, मी टाकते, आसरांचा काय कोप व्हायचा तो माज्यावर हू दे, मी त्याच लायकीची. चांगलं वाटलं बोलताना, जरा मोटंबी वाटलं. तेवड्यात हरणा म्हणली, "कोप कशाला? कारवीच्या काटक्यांची बांधू की चौकट." आन् चार वल्या काटक्या मोडून, काथ्यानं बांधून, सळईच्या चौकटीवर ठिवून मापून झाली बी तिची. एवडं सोपं, आन् मला सुचलं न्हाई. आतनं परत जळालं. सुंभ जळतो, पीळ जळत न्हाई म्हणत्यात ते काय खोटं न्हाई.

त्या कुंडाकाठी डोळं मिटून तिनं फेकली आन् मी वाकून मोजलं. एकोणीस. माज्या सगळ्या लबाडीत सतराच्या वर कवा गेले नव्हते.

घरला जाताना मी वाट बघत व्हते, ती काय बोलती म्हणून. ती एवडंच म्हणली, "चल बिगीबिगी, म्हशी खोळंबल्या असतील." त्यानंतर तिनं तो इषय काडला न्हाई. नवऱ्यानं काडला, आठ दीस काडला. पण तो येगळा.

संक्रांतीनंतर येष्टीच्या कंडक्टराकडनं मॅडमनी पुस्तिका धाडली. पातळ, हिरव्या पुठ्ठ्याची, सांगलीच्या छापखान्यातली. हरणा अंगणात शेंगा फोडत बसली व्हती. हात पदराला पुसून माज्याजवळ येऊन बसली.

"वाच की. आपली नावं आल्याती न्हवं?"

मी पानं उलटली. शेवटनं दुसऱ्या पानावर व्हतं. वाचलं, "पूर्व बाजू व आसरांचे कुंड, मोजणी, श्रीमती हरणाबाई." वर मॅडमचं नाव, त्याच्या खाली हिचं. ठसठशीत, काळं. पाण्याजवळच्या फेकी नव्यानं करून घेतल्या असंबी मॅडमनं लिवलं व्हतं.

"कुटं हाय? दाव."

मी बोट धरून दावलं. शेंगांच्या मातीनं भरलेलं तिचं बोट त्या अक्षरांवरनं हळूहळू गेलं, चिंचोके मोजावं तसं.

"एवडं मोटं व्हय माजं नाव?" ती म्हणली. मग म्हणली, "आन् तुजं?"

त्याच्या खालच्या वळीत लिवलं व्हतं, "पश्चिम बाजू, पहिली मोजणी, रद्द." बास. नाव कुणाचं न्हवतं. मॅडमनं ते बी माज्यावर उपकारच केलं म्हणायचं.

मला सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं. तिचं बोट उचललं आन् त्या शेवटच्या शब्दावर ठिवलं.

"हे," मी म्हणले.

तिनं त्याच्यावरनंबी तसंच बोट फिरवलं, तेवड्याच सबुरीनं. "लय न्हानं हाय गं."

"रंगू न्हानंच की नाव."

"पण चांगलं दिसतंय," ती म्हणली, "सुबक." आन् उठून घरात गेली. मला वाटलं पाणी प्याय गेली. ती कुंकवाचा करंडा घिऊन आली. एक बोट कुंकू तिनं आपल्या नावाला लावलं, आन् एक बोट त्या रद्दला.

हिच्यासारखं मलाबी वाचता आलं नसतं तर, असं मला जन्मात पयल्यांदा वाटलं, आन् त्यापायीबी मला तिचा हेवा वाटला. कुंकू वलं व्हतं, पुस्तक मिटलं असतं तर फिसकटलं असतं. म्हणून ते वाळूस्तवर मी ते पान तसंच उगडं धरून बसले, आन् ती शेजारी बसून शेंगा फोडत ऱ्हायली.